तांबडा रस्सा, तीस पोरं आणि पी व्हॅल्यू

संख्याशास्त्राचा पेपर जवळ आलाय आणि परिकल्पना चाचणी, म्हणजे एखादा दावा नमुन्याच्या आकड्यांवर पारखणं, डोक्यात शिरत नाही? सोपं आहे. आधी निकाल ठरवायचा, मग आकडे गोळा करायचे. पुस्तकात हे उलटं दिलंय, कारण ते लिहिणाऱ्याला कोल्हापुरात वाद जिंकायचा नव्हता.

समजा, पांढऱ्यापेक्षा तांबडा रस्सा लोकांना जास्त आवडतो, हे तुमचं ठरलंय. शून्य परिकल्पना, म्हणजे 'फरक काहीच नाही' हे गृहीतक, म्हणणार, निम्मे-निम्मे. म्हणू दे. नमुना यादृच्छिक हवा म्हणून रंकाळ्यावर उन्हात कशाला फिरता? आपल्याच तालमीतली 20 पोरं गाठा, हातात तांबड्याची वाटी द्या आणि मग विचारा. तरी 13च 'तांबडा' म्हणाली. झेड (निम्म्यापासून किती लांब, याचं माप) 1.34, पी व्हॅल्यू (अर्थ पुढे येतोच) 0.18. हवी 0.05च्या खाली. विसात एक ही मर्यादा संख्याशास्त्रज्ञ फिशरसाहेबांनी 1925च्या पुस्तकात 'सोयीची' म्हणून सांगितली. सोय कुणाची ते मात्र तुम्हीच ठरवायचं.

आता आकडे बघून झाल्यावर चाचणी गुपचूप एकपुच्छी करा, म्हणजे फक्त तांबड्याच्या बाजूचाच फरक मोजा. पी निम्म्यावर, 0.09. अजून भागत नाही? आणखी 10 जण बोलवा. त्यातले 7 तांबडे निघाले की झाले 30 पैकी 20, पी 0.034. इथंच थांबा! एकतिसावा पांढऱ्याचा भक्त निघायचा. त्याला चहा पाजून वाटेला लावा.

पी म्हणजे काय असं कुणी विचारलंच, तर 'तांबडा सरस असण्याची शक्यता 96.6 टक्के' असं ठोकून द्या. खरं तर आवड निम्मी-निम्मी असती, तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची ती शक्यता. पण एवढं सांगेपर्यंत रस्सा गार होतो.

सरासरीला तर वाटीही लागत नाही. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, 30 किलोचा म्हणून घेतला. 5 रवे तोलले: सरासरी 29.6, प्रमाण विचलन (वजनांचा पसारा) 0.4. तिसापासूनचा फरक भागिले सरासरीची प्रमाण त्रुटी (0.4 भागिले 5चं वर्गमूळ), भागाकार 2.24; 0.05साठी पाठ केलेला आकडा 1.96. सापडला चोर! मार्केट यार्डात जाऊन अडत्याची गचांडी धरा. कुणी शहाणा म्हणेल, पाचच रवे आहेत, लहान नमुन्यांसाठीचा टी-तक्ता बघ. स्वातंत्र्यमात्रा (नमुन्यातून एक वजा) 4, तेव्हा 2.776 ओलांडायला हवं. त्यामागचं गणित 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं मांडणारे विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरीला होते. बिअरवाल्याचं गुळात काय ऐकायचं?

अडत्याकडेच टी-तक्ता निघाला, तर मात्र पंचाईत. तो म्हणेल, "बघा की, रवा तीस किलोचाच! सिद्ध झालं का न्हाई?" तेही झालेलं नसतं, तुमचा पुरावा कमी पडला, एवढंच. पण गचांडी धरलेल्या माणसानं हे कुठल्या तोंडानं सांगायचं? गप्प सोडा आणि सहावा रवा काट्यावर चढवा.