आयईएलटीएसविना प्रवेश: सवलत नक्की कोणाला?

आयईएलटीएस म्हणजे परदेशात शिकायला जाताना मागितली जाणारी इंग्रजीची परीक्षा. ‘आयईएलटीएस न देता ब्रिटनमध्ये प्रवेश’ ही जाहिरात सोलापुरातल्या आमच्या नात्यागोत्यात व्हॉट्सॲपवर फिरते आहे आणि तिच्यावरून दोन तट पडलेत. एक बाजू म्हणते, परीक्षा म्हणजे लूट: सतरा-अठरा हजार भरा, दोन वर्षांनी निकाल बाद, पुन्हा भरा. दुसरी विचारते, भाषा कच्ची असेल तर पोरगं तिथे टिकणार कसं? मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. पहिल्या बाजूचा राग मला पटतो, तरी मी दुसऱ्या बाजूची आहे.

पदवी आणि त्यापुढच्या अभ्यासक्रमांसाठी विद्यार्थ्याचं इंग्रजी बी२ पातळीचं (युरोपीय मोजपट्टीवर मध्यम पातळीच्या वरचं) आहे का, हे इथल्या विद्यापीठाला स्वतः ठरवता येतं. म्हणून कुठे बारावीचे गुण चालतात, कुठे विद्यापीठाचीच चाचणी. हे नियमात बसतं. पण त्याच विद्यापीठाच्या खर्चाचा मोठा भाग परदेशी विद्यार्थ्यांच्या फीवर भागतो. इंग्लंडमध्ये स्थानिक विद्यार्थ्यांच्या फीची मर्यादा 2017 ते 2025 अशी आठ वर्षं 9,250 पौंडांवरच राहिली. महागाई थांबली नाही. परदेशी विद्यार्थ्यांच्या फीला अशी मर्यादाच नाही, आणि विद्यापीठाला विद्यार्थी मिळवून देणाऱ्या एजंटाचं कमिशन तिच्यातूनच निघतं. मग ‘हा मुलगा अजून तयार नाही’ असं म्हणणार कोण?

परीक्षा घेणारेही या बाजाराबाहेर नाहीत. आयईएलटीएसच्या तीन भागीदारांपैकी आयडीपी ही ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. परीक्षा घेणं आणि विद्यापीठांना विद्यार्थी मिळवून देणं, दोन्ही तिचे व्यवसाय. दुसरा भागीदार ब्रिटिश कौन्सिल, त्याचं भारतातलं आयईएलटीएसचं काम तिने 2021 मध्ये 13 कोटी पौंडांना विकत घेतलं. 2014 मध्ये ब्रिटनमध्ये टोइक या दुसऱ्या एका इंग्रजी परीक्षेचा घोटाळा उघड झाला, खासगी केंद्रांवर तोतये बसवले जात होते. टोइक घेणाऱ्या कंपनीने मग ब्रिटनमधल्या तब्बल 97 टक्के चाचण्या संशयास्पद ठरवल्या. केंद्रवाल्यांनी पैसा केला. कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या त्या पोरांनी, त्यात प्रामाणिकपणे परीक्षा दिलेलेही होते.

या सगळ्याची किंमत मी वर्गात बघते. क्लासमध्ये अडीचशे शब्दांच्या निबंधाचा साचा पाठ करून आलेल्या मुलापुढे पहिल्याच सत्रात तीन हजार शब्दांचा निबंध येतो. वाचलेलं स्वतःच्या शब्दांत मांडता येत नाही, म्हणून तो वाक्यं उचलतो. चौकशी लागते, विषय राहतो, त्या विषयाच्या फेरपरीक्षेची फी भरावी लागते. चर्चेच्या तासाला तो गप्प बसतो आणि शिक्षक समजतात, याला विषयच कळत नाही. अभियांत्रिकीत पहिल्या वर्गात आलेला मुलगा असतो तो! घरी बापाने यंत्रमाग गहाण टाकून कर्ज काढलेलं असतं, त्यामुळे परतायचीही सोय नाही.

ही मुलं कमी पडतात असं मी कधीच म्हणणार नाही. सोलापुरातली कितीतरी पोरं घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि शेजारी कन्नड बोलत वाढतात. त्यांना चौथी भाषा जड नाही. त्यांना हवा असतो वेळ. फी मिळवायची घाई असलेला कोणीही तो देत नाही. परीक्षा महाग आहे, तर ती स्वस्त करा. प्रवेशातून पैसा मिळणाऱ्यांच्या हातून ती काढून घ्या, यासाठी भांडा. पातळीच खाली आणली की मुलाचं अपयश फक्त एक वर्ष पुढे ढकललं जातं, तेही परक्या मुलखात, कर्जाच्या व्याजासकट.

माझा भाचा याच सप्टेंबरला निघायचं म्हणतोय. वहिनीला मी स्पष्ट सांगितलंय: इंग्रजी कोणी तपासलं, नापास झाला तर फी परत मिळेल का आणि एजंटाला विद्यापीठाकडून किती मिळतात, हे लेखी घेतल्याशिवाय एक पैसा भरू नका. शक्य असेल तर वर्षभर थांबा. रोज इंग्रजी पेपरातला एक लेख वाचून त्यावर पानभर स्वतःचं लिहू दे, मला पाठवू दे. मी तपासून देईन. वहिनी म्हणतात, त्याचे सगळे मित्र निघालेत. रविवारी मी त्याच्याशीच बोलणार आहे.