पोरात दम आहे का, हे पहिल्या फेरीत कळत नाही

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: चौदा वर्षांखालील बेसबॉल स्पर्धेत ज्याची टीम पहिल्याच फेरीत बाहेर पडली, तो पोरगा पुढं प्रो होत नाही. अमेरिकेत बेसबॉलमध्ये हे बाराव्या वर्षीच कळतं. मोठ्या मॅचला खरा खेळाडू दिसतोच, निवडणाऱ्यांची नजर चुकत नाही. आणि बेसबॉलवर इथं पोट कुणाचं भरतं? तेव्हा बॅट माळ्यावर टाका आणि क्लास लावा. हा मेसेज पुढं ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी बेसबॉलची एक मॅच तरी शेवटपर्यंत बघितली असेल, देव जाणे.

आधी हरण्याचं बघू. जपानमध्ये शाळांच्या बेसबॉलसाठी कोशिएन मैदानावर वसंतात आणि उन्हाळ्यात जी बाद फेरीची स्पर्धा होते, तिच्यापायी अख्खा देश टीव्हीसमोर बसतो. आज बेसबॉलमधला सगळ्यात गाजलेला खेळाडू शोहेई ओतानी शाळेकडून तिथं दोनदा खेळला. २०११ च्या उन्हाळ्यात पहिल्याच सामन्यात बाहेर. २०१२ च्या वसंतात परत पहिल्याच सामन्यात बाहेर, तेही ९-२ असा मार खाऊन. त्या सामन्यात त्यानं समोरच्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) एक होमरन, म्हणजे आपल्याकडचा षटकारच, मारला, पण स्वतः पिचिंग करताना चेंडू इतके भरकटले की बॅटर फटका न मारताच फुकटात बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर, चालत गेले. त्या उन्हाळ्यात तर प्रांताची फायनल हरल्यामुळं कोशिएनला जाणंच हुकलं. म्हणजे कोशिएनवर एकही विजय नाही. ९-२ च्या त्या सामन्यात समोरचा पिचर होता शिंतारो फुजिनामी. त्याच्या शाळेनं त्या वर्षी वसंतातलीही आणि उन्हाळ्यातलीही स्पर्धा जिंकली. आपला मेसेज तेव्हा जपानीत फिरला असता, तर ‘माल’ फुजिनामीतच आहे असा निकाल लागून मोकळा झाला असता. फुजिनामीही अमेरिकेत मेजर लीग या सगळ्यात वरच्या व्यावसायिक लीगपर्यंत पोचला, त्यालाही कमी लेखायचं कारण नाही. पण चार वेळा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला तो ओतानी.

एवढं लांब कशाला जायचं? २०१७ च्या सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात भारत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा तिन्ही सामने हरला. त्या संघात आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुढं तो भारताच्या मुख्य संघातही आला, आणि त्या हरलेल्या संघातला तो एकटाच नाही.

आता ‘अमेरिकेत बाराव्या वर्षीच कळतं’ याबद्दल. तिथल्या लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये पिचर ४६ फुटांवरून टाकतो आणि दोन बेसमधलं अंतर ६० फूट असतं. मोठ्यांच्या मैदानावर हेच आकडे ६० फूट ६ इंच आणि ९० फूट होतात. बाराव्या वर्षी ज्याला मिसरूड फुटलंय, तो पोरगा ४६ फुटांवरून बारक्या पोरांना चेंडू दिसूच देत नाही. तो जिंकतो, टाळ्या पडतात. दोन-तीन वर्षांत बाकीची पोरं वाढतात, मैदान मोठं होतं आणि हिशेब बदलतो. काही जण तरीही टिकतात. टॉड फ्रेझर १९९८ च्या विजेत्या लिटल लीग संघात होता आणि पुढं मेजर लीगमध्ये खेळला. पण २००१ मध्ये ज्याच्या पिचिंगनं सगळ्यांना वेड लावलं, तो डॅनी आल्मोंते बाराचा नव्हे तर चौदाचा निघाला. संघाचे सगळे विजय रद्द झाले आणि तो मेजर लीगपर्यंत कधी पोचलाच नाही. दाखल्यावरच्या वयाची ही गोष्ट आपल्याला काही नवीन नाही. आणि दाखला खरा असला तरी १ जानेवारीपासून वय मोजायच्या अटीमुळं जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात खेळतात. त्या वयात अकरा महिने म्हणजे चार बोटं उंची.

‘मोठ्या मॅचला दिसतोच’ हे तर बेसबॉलला मुळीच लागू होत नाही. दहापैकी सात वेळा बाद होणारा बॅटर तिथं उत्तम समजला जातो. मेजर लीगमध्ये एकेक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. आजवरचा सर्वाधिक विजयांचा आकडा ११६, म्हणजे १६२ सामन्यांत तो गाठणारा संघसुद्धा तब्बल ४६ वेळा हरला. आणि आपण एका सकाळच्या पाच डावांवरून पोराचं भविष्य सांगणार! त्यात आपल्याकडचं साहित्य बघा. बाजू बदलली की ग्लोव्ह मैदानातच ठेवायचे आणि दुसऱ्या टीमनं तेच घालायचे. डावखुऱ्या पोराला उजव्या हातात घालायचा ग्लोव्ह मिळतच नाही, फेकायच्या डाव्या हातातच घालावा लागतो. तो चेंडू अडवतो, ग्लोव्ह काढून काखेत मारतो आणि मग फेकतो. तोवर रनर बेसवर पोचलेला असतो आणि बाहेरून कुणीतरी ओरडतो, ‘स्लो आहे रे हा!’

निवडणाऱ्यांच्या नजरेबद्दल एकच उदाहरण पुरे. माइक पियाझाला १९८८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे मेजर लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात तिथं, ६२ व्या फेरीत घेतलं, १३९० वा, आणि तेही वडिलांच्या ओळखीवर. २०१६ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत, गेला. वशिल्याचं समर्थन करत नाही, पण इथं नजरेपेक्षा वशिला बरा ठरला.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र खरी आहे. बेसबॉलवर पोट भरेल अशी सोय भारतात नाही. सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण आणि दहावी-बारावीचे वाढीव गुण यांचा विचार घरात होतो, तो व्हायलाच हवा. क्लास लावायचा असेल तर खुशाल लावा. फक्त त्याचं खापर पोराच्या हरलेल्या मॅचवर फोडू नका.

आणि पारखायचंच असेल तर गेल्या वर्षी जमत नव्हतं ते यंदा जमतंय का, ते बघा. बाद झाल्यावर पुढच्या वेळी तो काय बदलतो, ते बघा. प्रशिक्षकाला हेही विचारा की आज याच्याकडून किती चेंडू टाकून घेतले. लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या पिचरला दिवसाला ८५ चेंडूंची मर्यादा आहे. आपल्याकडं सकाळची मॅच जिंकून दिलेला पोरगाच दुपारी परत पिचिंगला उभा करतात. तिसऱ्या डावात त्यानं कोपर धरला की ‘दम नाही’ म्हणणारेही हेच असतात.