बर्फातलं जानवसघर

लंडनच्या ऑफिसातली मंडळी यंदा तुम्हालाही स्कीइंगला नेणार आहेत, म्हणजे आता तुम्ही त्यांच्यातले झालात. अभिनंदन! अकरा माणसं, एक शॅले (डोंगरातलं भाड्याचं घर), शनिवार ते शनिवार, जेवणखाण पैशांतच. तयारीला लागा. स्कीइंग शिकून घ्या असं मी म्हणत नाही, ते आठवड्यातलं सगळ्यात सोपं काम आहे.

जिनिव्हाला उतरलात की खोल्यांची यादी ज्याच्या हातात आहे, त्याच्या शेजारची बसमधली जागा पकडा. बाकीचे आल्प्स बघतील, बघू द्या. आल्प्स आठवडाभर जागचे हलणार नाहीत. बाथरूमवाली खोली मात्र बस पोचायच्या आत गेलेली असते. बोलायला वेळ भरपूर मिळेल, कारण शनिवारी येणारे आणि जाणारे एकाच रस्त्यावर असतात आणि मूतिए नावाच्या गावापाशी गाड्या तुंबतात. नावाला हसू नका. बस तासभर हलली नाही की ते पटायला लागतं.

शॅले म्हणजे मुळात आल्प्समधल्या गुराख्यांचं उन्हाळी खोपटं. हल्ली तिथं हिवाळ्यातही गुरं असतात. तुम्ही बहुधा फ्रान्समधल्या मेरिबेल या स्कीइंगच्या गावाला जाल. हिटलरनं ऑस्ट्रिया गिळल्यावर स्कीइंगला दुसरी जागा शोधणाऱ्या पीटर लिंडसे या स्कॉटिश गृहस्थानं १९३८ साली ते वसवायला घेतलं. त्यामुळे फ्रान्समध्ये आठ दिवस राहून ‘बोंजूर’पलीकडे काहीही न बोलण्याची सोय तिथं पहिल्यापासून आहे.

आता मुख्य मुद्दा. तिथं तुम्ही पाहुणे नाही, वरपक्ष आहात. वधूपक्षाच्या वतीनं एकच वीस-बावीस वर्षांची मुलगी उभी असते. तिला होस्ट म्हणतात. सकाळी अंडी आणि लापशी, मग खोल्या, दुपारी तुम्ही परतायच्या आत ताजा केक, रात्री तीन वाढपांचं जेवण, हे सगळं ती करते आणि मधल्या दोन-तीन तासांत जमलं तर स्कीइंग करते. त्यासाठीच तर ती आलेली असते. म्हणून नेमकं तेव्हाच तिला वायफायचा पासवर्ड विचारा. ब्रेक्झिटमुळे २०२१पासून ब्रिटिश पोरांना तिथं हंगामभर काम करायचं तर परवाना लागतो, त्यामुळे शॅलेवाल्यांना मुली मिळत नाहीत. (हे वाक्य आपल्याकडे वेगळ्या कारणानं ऐकलेलं असतं.)

शाकाहारी असाल तर आधी कळवू नका. ताट समोर आलं की मग सांगा, ‘माझा गुरुवार आहे.’ तिच्या चेहऱ्यावर जे येईल ते पाहून वरमाईच्या रुसव्यात काय सुख असतं ते कळेल. मग तुम्हाला मशरूमचा रिसोटो मिळेल आणि उरलेले दिवस बकरीच्या दुधाचं चीज निरनिराळ्या आकारांत. शेंगदाण्याची चटणी नेली असेल तर खोलीत दार लावून खा. एकदा का ती टेबलावर आली, की तुमच्या वाट्याला फक्त कौतुक उरतं.

वाइन फुकट, पण कॉफी येईपर्यंतच. हा नियम नीट समजून घ्या. वाइन कशी आहे हा प्रश्न गौण आहे. कॉफी कोण मागतं हा खरा प्रश्न. साडेआठला ‘मला जरा कॉफी मिळेल का’ म्हणणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही.

दिवसभरात काय केलंत ते जेवताना सांगावं लागतं. उतारांना तिथं सोपे ते अवघड अशा क्रमानं रंग असतात: हिरवा, निळा, लाल, काळा. सांगताना रंग एक पायरी चढवा. सगळेच चढवतात, त्यामुळे हिशेब जुळतो. तिथल्या तीन खोऱ्यांत मिळून सहाशे किलोमीटरचे उतार आहेत, तेव्हा तुम्ही दिवसभर एकाच कॅफेत होतात हे कोणी सिद्ध करू शकत नाही.

चारच्या सुमाराला सगळे परततात. हुशार माणूस तेव्हा केककडे धावत नाही, आंघोळीला धावतो. गरम पाणी पहिल्या चौघांचं असतं.

आठवड्यातली एक रात्र होस्टची सुट्टी. त्या रात्री अकरा भुकेले लोक, टेबल राखून न ठेवता, बर्फातून हॉटेलं हिंडतात. शेवटी फोंड्यू मिळतं, म्हणजे पाव आणि वितळलेलं चीज, आणि बिल अकरा जणांत सारखं वाटलं जातं. तुम्ही नुसतं पाणी प्यायलात हे सांगू नका. सगळ्यांनी ते पाहिलेलं असतं.

निघायच्या शनिवारी खोल्या सकाळीच सोडायला सांगतात. संध्याकाळपर्यंत नवं वऱ्हाड येतं आणि त्याआधी त्याच मुलीला अकरा बिछाने बदलून नवा केक भाजायचा असतो. म्हणून ओले टॉवेल पलंगाखाली सरकवून ठेवा, शोधण्यात तिचा वेळ बरा जाईल. बक्षिशीच्या पाकिटाबरोबर मार्मलेडची अर्धी बाटली ठेवली की पाकीट भरल्यासारखं वाटतं. आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर आवर्जून लिहा, केक जरा कोरडा होता. सहाही दिवस दोन-दोन तुकडे खाऊन तुम्ही खात्री केलेली आहे.