‘नाटकवाले ओरडतात’ म्हणणाऱ्या वाचकास

कॅमेऱ्यासमोर जाण्याआधी नटाने नाटक करावं, असं सांगणाऱ्या ‘आधी रंगमंच, मग कॅमेरा’ या माझ्या मागच्या लेखावर ‘एक स्पष्टवक्ता’ या नावाने प्रतिक्रिया आली आहे. लेखाच्या तळापर्यंत फारसं कोणी जात नाही, म्हणून ती जशीच्या तशी इथे देतो.

‘काका, लेख वाचला, नेहमीचंच. राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९६२ साली नाही, १९५९ साली स्थापन झालं. नाटकवाले कॅमेऱ्यासमोर ओरडतात हे सगळ्यांना माहीत आहे. निळू फुले कुठल्या शाळेत शिकले होते? आणि तीन वर्षं नाटक करत बसायचं तर घरात पैसा लागतो, तो नसेल त्याने काय करायचं? तुमचं काम गूगलवर शोधलं, फार काही सापडलं नाही!!!’

आधी चूक कबूल करतो. स्थापना १९५९ चीच. १९६२ साली इब्राहिम अल्काझी तिथे संचालक म्हणून आले आणि आमच्या पिढीच्या डोक्यात ते विद्यालय तिथूनच सुरू होतं, त्यामुळे हात घसरला. लेखात दुरुस्ती केली आहे. आपले मनापासून आभार. हे आभार पुढच्या परिच्छेदाला लागू नाहीत.

‘काका’ म्हणालात. वय छप्पन्न आहे, पुतणे आहेत, म्हणायला हरकत नाही. पण बसमध्ये ‘काका, जरा पुढे सरका’ म्हणतात तो हा काका आहे, हे न कळण्याइतका मी अडाणी नाही. संवादातला सूर ओळखणं हेच माझं काम. प्रतिक्रिया रात्री पावणेदोनला आली आहे आणि शेवटी तीन उद्गारचिन्हं आहेत. एकाने भागलं नसतं का? मतभेद असू द्यात, पण अनोळखी माणसाच्या दारात चपला घालून थेट स्वयंपाकघरात शिरायचं नसतं, एवढं तरी घरी शिकवतात.

आता ‘ओरडतात’.

तुम्ही हे वाक्य सहज टाकलंत. माझी तीस वर्षं त्या एका शब्दात बसवलीत, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. ओरडणं घशातून येतं. नाटकात लागते ती आवाजाची फेक, आणि ती पोटातून येते. ओरडणाऱ्या नटाचा घसा दुसऱ्या अंकापर्यंत बसतो. फेक असलेला नट शनिवार-रविवारचे तीन प्रयोग करून सोमवारी कचेरीत नीट बोलतो. मी मिरजेचा. तालमी सांगलीत, एका शाळेच्या वर्गात, आणि स्पर्धेच्या आधीचे दोन दिवस तिथल्याच भावे नाट्यमंदिरात. तिथे आमचे दिग्दर्शक शेवटच्या रांगेत भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायचे. स्टेजवर आम्ही हळू बोलायचं, अगदी कुजबुजायचं, आणि शेंग फुटण्याच्या आवाजावरून शब्द त्यांच्यापर्यंत जायला हवा. गेला नाही की ते एकच शब्द म्हणायचे: ‘शेपूट!’

कारण मराठी वाक्याचा जीव शेपटात असतो. क्रियापद शेवटी, आणि नकार त्याच्याही मागे. नवखा नट वाक्याची सुरुवात दणक्यात करतो आणि शेवटी श्वास संपला की शेपूट गिळतो. आमच्या एका कोर्टाच्या नाटकात आरोपीचं वाक्य होतं, ‘मी त्या रात्री घरी आलो नाही.’ आमच्या आरोपीने पहिल्याच प्रयोगात ‘नाही’ गिळला. पुढच्या चार रांगांना तो निर्दोष होता. मागच्या साऱ्या रांगांसमोर त्याने गुन्हा कबूल करून टाकला होता. हे ज्याच्या अंगात मुरतं त्याचं शेपूट कॅमेरा चेहऱ्याजवळ आणतात त्या क्लोजमध्येही पडत नाही. शर्टाच्या आत अर्ध्या वितीवर माइक लावलेला असतानाही पुटपुटणारे नट तुम्ही रोज टीव्हीवर पाहता. माइक आवाज मोठा करून देतो, गिळलेला शब्द परत आणून देत नाही.

तरीही प्रामाणिकपणे सांगतो, मी ओरडलो आहे. २००४ साल. मुंबईत मढच्या एका बंगल्यात माझं पहिलं मालिकेचं शूटिंग. भूमिका वधूपित्याची. हातात चहाचा कप, समोर व्याही, आणि मी ‘आमची ऐपत काढू नका’ हे वाक्य असं टाकलं की बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरलेल्या मुलाने हेडफोन कानावरून वर केला. दिग्दर्शक माझ्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान. शांतपणे म्हणाला, ‘सर, बाल्कनीत कोणी नाहीये.’ सगळं युनिट हसलं. वीस वर्षांनंतरही ते हसू कुठल्या कोपऱ्यातून आलं ते मला सांगता येईल.

पण तुम्ही इथेच थांबता आणि निकाल देता. पुढचं ऐका. त्याने मला ‘कमी करा’ असं सांगितलं. कमी म्हणजे काय, हे कोणी सांगत नाही. पहिल्यांदा मी आवाज कमी केला, तर वाक्य मेलं. मग चेहरा आवरला, तर माझा पुतळा झाला. दुपारी जेवताना मला आमच्या मिरजेची सतारमेकर गल्ली आठवली. तंबोऱ्याची जवारी लावताना, म्हणजे तारेचा नाद खुलवताना, तारेखाली घोडीवर सुताचा बारीक दोरा असतो. तो केसभर सरकवला की मुकी तार एकदम बोलायला लागते. तार तीच, ताणही तोच. संध्याकाळी मी ताण तसाच ठेवला, अपमान तेवढाच लागू दिला, फक्त तो व्याह्यापर्यंत पोचवायची धडपड सोडून दिली. समोरच्याला कळलं नाही तरी चालेल, असं ठरवून वाक्य म्हटलं. टेक ओके झाला. पण मुळात तारेला ताणच नसता तर दोरा सरकवून काय वाजलं असतं? हा ताण मी आणला होता भावे नाट्यमंदिरातून, मढहून नाही.

आणि चहाचं राहिलंच. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रवेश सलग घेतात त्या शॉटमध्ये, मी ‘ऐपत’वर कप बशीत ठेवला होता. क्लोज घेताना, व्याह्यावरचा शॉट घेताना, दरवेळी ‘ऐपत’वरच ठेवला, ‘आमची’वर नाही की ‘काढू’वर नाही. नाटकात सवयच तशी लागते, हालचाल शब्दाला बांधलेली असते, नाहीतर प्रकाशयोजनेवाला तुम्हाला अंधारात सोडून देतो. कंटिन्युटी, म्हणजे एका शॉटमधली हालचाल दुसऱ्याशी जुळते का ते, बघणारी मुलगी म्हणाली, ‘सर, तुमचं काही बघावंच लागत नाही.’ जावयाचं काम करणारा मुलगा मात्र तीन आठवड्यांच्या कॅमेरा-अभिनय वर्गातून आला होता. डोळे सुंदर, काम नेमकं, पण मास्टर चार मिनिटांचा निघाला आणि दुसऱ्या मिनिटाला त्याच्यातली हवा गेली. त्याने एकदाही पूर्ण प्रवेश सलग जगून पाहिलेला नव्हता. त्याला दोष देत नाही, फी घेणाऱ्यांना देतो.

निळू फुले यांचं नाव तुम्ही घेतलंत ते बरं झालं. लोक त्यांचं नाव ‘शिक्षण लागत नाही’ याचा दाखला म्हणून घेतात. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आला. ‘एक गाव बारा भानगडी’ हा त्यांचा पहिला चित्रपट १९६८ चा. त्याआधी कलापथक आणि लोकनाट्यं, कधी माइक आहे तर कधी नाही, आणि समोरचा प्रेक्षक नाही रंगलं तर उठून जायला मोकळा. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने नाव झालं तेव्हा सिनेमा अजून पुढे होता. ही शाळा नव्हती तर काय होतं? १९७५ च्या ‘सामना’त त्यांच्या समोर डॉ. श्रीराम लागू आहेत. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्याच्या हौशी रंगभूमीवर घडलेले, १९६९ मध्ये वैद्यकी सोडून पूर्णवेळ नट झालेले. दोघांकडेही अभिनयाची पदविका नव्हती आणि दोघांच्याही मागे रंगमंच होता. तो चित्रपट पुन्हा पाहा आणि कोण ओरडतंय ते मला कळवा. मी वाट पाहीन.

माझा लेख ‘शाळेत जा’ असं म्हणतच नव्हता. ‘नाटक करा’ म्हणत होता. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात जागा मिळाली तर उत्तमच, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात निवड झाली तर पेढे वाटा. पण राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, ती मुंबई-पुण्याबाहेरच्या केंद्रांवरही होते, आणि गडचिरोलीकडे वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर रात्र रात्र नाटकं होतात. तिथला नट पहाटेपर्यंत उभा असतो.

राहिला पैशाचा मुद्दा. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर सवडीने लिहीन. एवढंच सांगतो की मला कोणी पोसलं नाही. सकाळी दहा ते साडेपाच एका पतसंस्थेत कारकुनी, मग शहर बसने सांगली, तालीम, शेवटची बस चुकली तर सायकलवाल्या मित्राच्या मागे बसून मिरज. बारा वर्षं. इच्छा असेल तर माणूस वाट काढतो. आमच्यात एक होता, आवाज माझ्यापेक्षा कितीतरी चांगला, शेपूट कधी पडलं नाही त्याचं. वडील गेले आणि दुसऱ्याच महिन्यात त्याला किराणा दुकानावर बसावं लागलं. अजून बसतो. असो, तो विषय नाही.

शेवटी गूगल. मी काय काम केलं हे मी सांगत फिरत नाही, पण आता काढलंच आहे तर: व्यावसायिक नाटकं सात, त्यात दोन रिप्लेसमेंट, म्हणजे दुसऱ्या नटाच्या जागी, हौशीची गणती ठेवलेली नाही, मालिका चार, चित्रपट तीन. त्यातल्या एका चित्रपटात मी फक्त दार उघडतो, हेही खरं. यापैकी फारसं काही इंटरनेटवर नाही, कारण प्रयोग रात्री साडेबाराला संपतो आणि सेटबरोबर ट्रकमध्ये चढतो. तुमचं काम शोधावं म्हटलं तर ‘एक स्पष्टवक्ता’ या नावाने मला एक राजकीय विश्लेषक आणि दोन ज्योतिषी सापडले.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, तिन्ही उद्गारचिन्हांसकट ठेवली आहे. दर रविवारी सकाळी आठला आमचा वाचनाचा वर्ग असतो, त्याला फी नाही. यायचं असेल तर खाली खऱ्या नावाने लिहा, पत्ता कळवतो. आणि पुन्हा शोधलंत तर माझ्या आडनावातली वेलांटी दीर्घ आहे. ऱ्हस्व लिहिलंत तर एक दंतवैद्य येतात.