“लोखंडी डिस्क गळ्यात मारल्या” या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

दादा नमस्कार. तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. दोन स्टार दिलेत तो तुमचा हक्क आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण इंदूरमधले दुसरे पिकअपवालेही हे वाचणार म्हणून उत्तर जरा लांबच देतोय.

तुम्ही लिहिलंय की अलॉय (अॅल्युमिनियमचे रिम) मागितले तर दुकानदाराने सरळ नाही म्हटलं आणि लोखंडी डिस्क, म्हणजे चाकाचे लोखंडी रिम, गळ्यात मारल्या, आजकाल लोखंडी कोण लावतं, जुना माल खपवायचा असेल, अलॉयने मायलेज वाढलं असतं ते गेलं, आणि वरून चार दिवसांनी नट टाइट करायला परत बोलावून माझा खोळंबा केला. आणि शेवटी की साडूंच्या हायलक्सला (टोयोटाची पिकअप) अलॉय आहेत, ते मस्त चालतात, मग माझ्याच गाडीला का नाही.

साडूंचं आधी घेतो कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. त्यांच्या हायलक्सला अलॉय कंपनीतूनच येतात, त्या गाडीच्या वजनाचा हिशोब करून बनवलेले, सहा नटांवर बसणारे, आणि ती गाडी घरचे चार माणसं आणि सामान घेऊन फिरते. ते उद्या दुकानात आले तर मी त्यांना अलॉयच देईन, लोखंडी घ्या असं म्हणणारही नाही. तुमची गाडी दीड टन पासिंगची (म्हणजे कागदावर दीड टन मालाची परवानगी असलेली) लोडिंग पिकअप आहे आणि तुम्हीच मला सांगितलं की सनावदच्या बाजूने कांदा भरून चोइथराम मंडीत आणता, म्हणजे मोरटक्क्याचा पूल, बडवाह, मग भेरू घाट चढून सिमरोल. दोन्ही गाड्यांना पिकअपच म्हणतात पण चाकांवर जे येतं ते एकदम वेगळं आहे.

आता हिशोब बघा. गाडी रिकामी सतराशे-अठराशे किलोची धरा, वर दीड टन माल, म्हणजे तीन टनाच्या वर गेलं. लोडिंग गाडीत माल जवळजवळ सगळा मागच्या एक्सलवर बसतो, त्यामुळे मागच्या दोन चाकांवर मिळून दोन टनापेक्षा जास्त येतं, एका चाकावर हजार-अकराशे किलो. आणि हे उभ्या गाडीचं झालं, खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा तो झटका वेगळा. शिवाय सीझनला वजनकाटा पासिंगपेक्षा किती जास्त दाखवतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तुम्हाला जे काळे अलॉय रॅकवर आवडले होते ते मी उलटे करून दाखवले होते, आतल्या बाजूला ६९० किलो असं स्पष्ट ओतलेलं आहे, ते एका चाकाचं मॅक्झिमम लोड आहे. पॅसेंजर गाडीचे रिम आहेत ते. नटांची भोकं जुळत होती, मान्य, पण भोकं जुळली म्हणून रिम तुमच्या गाडीचा होत नाही. शिवाय लोडवर तुम्ही मागे साठच्या आसपास पीएसआय हवा ठेवता, कारला बत्तीस-पस्तीस असते, ती हवासुद्धा रिमलाच आतून ढकलते.

त्या दिवशी मी जे नाही म्हटलं ते अलॉयला नाही म्हटलं, त्या ६९०ला म्हटलं. अलॉय की लोखंडी हा प्रश्न नंतरचा आहे, आधी आकडा. कोणालाही बघायचं असेल तर टायरच्या साइजच्या पुढे लोड इंडेक्स लिहिलेला असतो, लोडिंगच्या टायरवर असे दोन आकडे असतात, समजा १११/१०९, पहिला एकेरी चाकासाठी, दुसरा एका बाजूला दोन चाकं जोडीने असतात त्यांच्यासाठी. १११ म्हणजे १०९० किलो. १०४ म्हणजे ९०० किलो, ९१ म्हणजे फक्त ६१५. तुमच्या चाकावर जितकं येतं तितकं टायरनेही झेललं पाहिजे आणि रिमनेही, दोघांत जो कमी तोच तुमचा खरा लोड. टायर १०९०चं आणि रिम ६९०चा असेल तर गाडी ६९०चीच झाली ना. ज्या अलॉयवर आकडाच नाही, आयएसआयचा मार्क नाही, नुसतं डिझाइन चकाचक आहे, तो मी कुठल्याच गाडीला लावत नाही, फुकट दिला तरी नाही.

अॅल्युमिनियम कमजोर असतं असं मी म्हणालो असं तुम्ही लिहिलंय, ते मी म्हटलेलं नाही आणि ते खरंही नाही. अमेरिकेत अल्कोआ या अॅल्युमिनियम कंपनीने १९४८ मध्येच ट्रकसाठी फोर्ज केलेलं अॅल्युमिनियमचं व्हील बनवलं आणि तिथे मोठमोठे ट्रक आजही फोर्ज्ड अॅल्युमिनियमवर पळतात. पण ते फोर्ज्ड, म्हणजे गरम धातूचा गोळा प्रचंड प्रेसखाली दाबून घडवलेला, त्यात धातू आतून ठासून बसतो. आपल्या बाजारात रॅकवर जे मिळतं ते बहुतेक सगळं कास्ट, साच्यात ओतलेलं. कास्ट वाईट नाही, बहुतेक कार त्यावरच आहेत, पण त्याचा स्वभाव लोखंडापेक्षा वेगळा आहे आणि तो तुमच्या रस्त्यावर महत्त्वाचा आहे.

लोखंडी डिस्क आपटली की वाकते. कडेला घडी पडते, थोडी हवा सुटते, स्टेअरिंग थरथरतं, तुम्हाला कळतं की काहीतरी झालं. बडवाहला असो की सनावदला, कुठल्याही पंक्चरवाल्याकडे घण आहे, तो तुम्हाला तेवढ्यापुरती ठोकून देतो आणि तुम्ही मंडी गाठता. कास्ट अलॉय आधी सहन करतो, सहन करतो आणि मग तडकतो, आणि तडा बहुतेक वेळा आतल्या कडेला जातो, बाहेरून चाक अगदी नवं दिसतं. एक तर हवा हळूहळू उतरत राहते आणि माणूस पंक्चर शोधत बसतो, पंक्चर सापडत नाही, नाहीतर लोडमध्ये एकदम तुकडाच निघतो. घाटात, मागे दीड टन कांदा, आणि मागचं चाक एकदम बसलं तर काय होतं हे मला लिहायचं नाही. आमच्याकडे असे रिम येतात, मी ते फेकत नाही, काउंटरच्या मागे ठेवलेत, कधीही येऊन बघा.

आणि तडा गेला तर वेल्डिंग करून घेऊ म्हणणारेही खूप आहेत, करून देणारेही आहेत. ते मी करत नाही आणि का नाही ते नीट सांगतो. चांगल्या अलॉयची ताकद फक्त धातूत नसते, हीट ट्रीटमेंटमध्ये असते. ओतल्यावर रिम साधारण ५४० डिग्रीला तापवतात, एकदम पाण्यात विझवतात, मग दीडशे-पावणेदोनशे डिग्रीला काही तास ठेवतात, त्याने तो कडक होतो. त्याला टी-६ म्हणतात. वेल्डिंगचा टॉर्च लागला की त्या जागेच्या आसपासची ही सगळी मेहनत गेली, तिथे धातू मऊ पडला, मग पुढचा तडा वेल्डच्या शेजारीच जातो. वरून पॉलिश आणि पेंट मारला की कोणालाच दिसत नाही. लोखंडी डिस्कसुद्धा मी एका हद्दीपर्यंतच सरळ करतो, वेल्डची शिवण उघडली किंवा नटाची भोकं अंडाकृती झाली की सरळ भंगारात.

मायलेजचं. अॅल्युमिनियम वजनाला लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याचं असतं हे बरोबर आहे, पण तेवढी ताकद यायला ते जाड ओतावं लागतं, म्हणून अख्ख्या चाकामागे दोन-चार किलोचा फरक पडतो, कधीकधी तेवढाही नाही, आणि साइज वाढवली तर अलॉय उलटा जड होतो. चारही चाकांचे मिळून दहा-बारा किलो धरा. तीन टनाच्या गाडीत दहा-बारा किलो म्हणजे कांद्याचं पाव पोतं, त्याने डिझेलचं बिल बदलणार नाही. खरं मायलेज पाहिजे असेल तर हवा दर आठवड्याला थंड टायरमध्ये चेक करा आणि अलाइनमेंट बघून घ्या, तुमच्या पुढच्या टायरची बाहेरची कड झिजलीये, तेही मी त्या दिवशी बोललो होतो, ते रिव्ह्यूत आलं नाही.

अलॉयचे खरे फायदे आहेत आणि ते मी गिऱ्हाइकाला सांगतो. मशीनवर फिरवून काढलेला असतो म्हणून एकदम गोल असतो, बॅलन्सिंगला वजनं कमी लागतात, हायवेला गाडी गुळगुळीत जाते. ब्रेकची गरमी अॅल्युमिनियम लवकर खेचतं. गंज धरत नाही, पेंटखाली पांढरे फोड येतात तेवढेच. लोखंडी डिस्कला मात्र बीड (टायरची आतली कड) बसते तिथे गंज लागतो आणि ट्यूबलेस असेल तर तिथूनच हवा सुटायला लागते, खत वाहणाऱ्या गाड्यांचं तर लवकरच होतं. म्हणून दर वेळी टायर बदलताना ती जागा वायर ब्रशने घासून रंग मारून घ्यायची. आमच्या मुलांना मी ते बंधनच केलंय, वेगळे पैसे नाहीत. आणि दिसण्याचंही मी हलक्यात घेत नाही, गाडी माणसाची रोजी आहे, ती चांगली दिसावी असं वाटणं साहजिक आहे.

माल खपवण्याबद्दल लिहिलंय ते वाचून वाईट वाटलं. एका अलॉयच्या पैशात दोन-अडीच लोखंडी डिस्क येतात आणि दुकानदाराचा मार्जिनही अलॉयमध्येच असतो. मला नुसतं कमवायचं असतं तर तेच काळे अलॉय बसवून, चार फोटो काढून तुम्हाला हसत पाठवलं असतं आणि आज इथे पाच स्टार असते. तुम्हाला ज्या डिस्क दिल्या त्या तुमच्याच गाडीच्या मॉडेलच्या, नव्या सीलबंद, बिलावर पार्ट नंबर लिहिलाय, कंपनीच्या काउंटरवर दाखवून खात्री करा.

आता नटांचं, कारण यावरून तुम्ही जास्त रागावलेले दिसता. नवीन डिस्क हबवर (एक्सलच्या टोकाला चाक बसतं तो भाग) बसवली की मध्ये रंगाचा थर असतो, गाडी लोडवर चालली की तो दबतो आणि नट जे टाइट केले होते ते थोडे ढिले पडतात. म्हणून शंभरेक किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने (नट किती कसला ते मोजणारा पाना) परत बघावंच लागतं, नवीन लोखंडीलाही आणि नवीन अलॉयलाही. त्यात माझं काम कमी-जास्त झालेलं नाही, हा कामाचाच भाग आहे, आणि मी त्याचे पैसे घेत नाही. वेळ गेला हे खरं, मंडीची वेळ सोडून यायला सांगितलं तर पुढच्या वेळी तसं करू, सकाळी सातला दुकान उघडतो, त्या वेळी गर्दी नसते. पण नट न बघता गाडी घाटात जाऊ देणं मला जमणार नाही, हे तुम्ही पुन्हा दोन स्टार दिलेत तरी तसंच राहील. पायाने पान्यावर उभं राहून नट कसणारे बघतो ना, त्यात स्टड (ज्या बोल्टवर नट चढतो तो) ताणला जातो आणि मग एक दिवस तुटतो.

एक अजून, हे बाकीच्यांसाठीही. लोखंडी काढून अलॉय लावताना जुनेच नट वापरू नका. बऱ्याच अलॉयला नटाची बैठक वेगळी असते, कुठे तिरपी, कुठे गोल, कुठे वॉशरवाली सपाट, आणि अलॉय जाड असतो म्हणून स्टडवर नट कमी चढतो. १२ एमएमचा स्टड, १.५ पिच (दोन आट्यांमधलं अंतर, एमएममध्ये) असेल तर नट हाताने कमीत कमी आठ फेरे चढला पाहिजे. चार-पाच फेऱ्यांत लागला तर तो रिम तुमच्या गाडीचा नाही, कोणी काहीही सांगो.

दादा, तुम्हाला अजूनही अलॉयच पाहिजे असतील तर मला काहीच अडचण नाही. ज्या रिमवर ११२० किंवा त्याच्या वरचा आकडा असेल, मार्क असेल, ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसतो ते) आणि मधलं भोक तुमच्या हबला जुळत असेल, तो कुठूनही आणा, माझ्याकडूनच घ्या असं नाही. घेण्याआधी रिमच्या मागच्या बाजूचा फोटो दुकानाच्या नंबरवर पाठवा, मी बघून सांगतो चालेल की नाही. फिटिंग, बॅलन्सिंग, शंभर किलोमीटरनंतरची टाइटिंग, सगळं करून देईन. आणि आत्ताच्या डिस्क माझ्याकडच्या आहेत, वाकलेल्या नसतील तर वापरलेल्याच्या भावाने परत घेईन. तोपर्यंत पुढच्या चाकांची अलाइनमेंट तेवढी करून घ्या, आमच्याकडे नाही तर दुसरीकडे, ते टायर पावसाळ्यापर्यंत टिकणार नाहीत.