खपलीत ग्लुटेन असतं, काकू

येळवसेला (वेळा अमावास्येला) शेतात पंगत बसली होती. भज्जी, अंबील, ज्वारीचे उंडे. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, चालत नाही. वर्षातला हा एकच सण असा, की तिला जवळपास सगळं खाता येतं. राहते ती गव्हाची खीर. मी हात धुवायला विहिरीकडे गेले आणि तेवढ्यात चुलत सासूबाईंनी तिच्या द्रोणात खीर वाढली. "आगं, खपलीची हाय. खपलीत ते तुझं ग्लुटीन नसतंय. मोबाईलवर आलंय." पुढचे दोन दिवस लेकरू पोट धरून पडलं होतं. जुलाब वेगळेच.

तो मेसेज मग मीही वाचला. लातूरपासून परभणीपर्यंत आमच्या एकूण एक नातेवाइकाकडे तो पोचलाय. त्याचं म्हणणं असं: ग्लुटेन हे नव्या संकरित गव्हाचं पाप, खपलीत ते नसतं. ग्लुटेनचा त्रास हे आजकालचं शहरी फॅड, रोज थोडं थोडं खाल्लं की सवय होते. शंका असेल तर 21 दिवस गहू सोडून बघा, तपासण्या कशाला? ज्वारीत ग्लुटेन नाही आणि साखरही नाही, शुगरवाल्यांनी पोटभर खावी. आणि आपले पूर्वज ज्वारी खाऊन कधी आजारी पडले नाहीत.

आधी खपली. खपली हा गहूच आहे, जुन्या जातीचा. त्याचं ग्लुटेन जरा कमजोर असतं, म्हणून पोळी नेहमीच्या गव्हासारखी ताणली जात नाही आणि आपण त्याची खीर करतो. कमजोर आहे म्हणजे नाही, असं होत नाही. साध्या कणकेचा गोळा नळाखाली धूत राहा, पिठूळ पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तेच ग्लुटेन. ज्वारीच्या पिठाचा असा गोळा उरतच नाही. ज्वारीच्या पिठाला विरी असते ती वेगळी. पीठ जुनं झालं की विरी जाते आणि भाकरी चिरते. तिचा ग्लुटेनशी संबंध नाही.

आता "थोडं खाल्लं की सवय होते". हे वाचून माझं डोकं फिरलं. लेकीला सिलियाक आहे. ग्लुटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं, अन्न शोषून घेणारी आतली लव झडते. निदान होईपर्यंत दोन वर्षं तिची उंची वाढत नव्हती, लोहाचं औषध देऊनही रक्त वाढत नव्हतं. याची सवय होत नाही. कधी कधी पोट दुखतही नाही, पण आत नुकसान चालूच असतं.

थोडं म्हणजे किती, तेही बघा. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) नियम आहे: ग्लुटेनमुक्त लिहायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन हवं. आपल्या गल्लीतल्या गिरणीत आधी कुणाचा तरी गहू दळलेला असतो. त्यावर माझं पाच किलो ज्वारीचं दळण पडलं आणि त्यात मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम कणीक मिसळली, असं समजा. कणकेत ग्लुटेन दहा टक्के धरलं तर ते झालं 3 ग्रॅम. पाच किलोंत वाटलं, तर किलोला 600 मिलिग्रॅम. मर्यादेच्या तीसपट, आणि तेही शुद्ध ज्वारीची भाकरी म्हणून! हा हिशेब कळला त्या महिन्यात आम्ही हप्त्यावर घरगुती गिरणी घेतली. तेव्हाही काकू म्हणाल्याच होत्या, "लई लाड." आता ज्वारीसुद्धा निवडून घेते, कारण पोत्यात गव्हाचे दाणे निघतात. डबीतला हिंगही बंद केला, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

फॅड म्हणणाऱ्यांसाठी एवढंच. या आजाराचं नेमकं वर्णन सॅम्युअल गी या इंग्रज डॉक्टरांनी 1888 मध्ये केलं. त्याचं मूळ गव्हात आहे हे विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी 1950 च्या प्रबंधात मांडलं. आपल्याकडे मेक्सिकोचा बुटका गहू आला तो साठच्या दशकात. मग त्या आधीच्या लेकरांना कुठल्या संकरित गव्हानं पाडलं होतं?

21 दिवस गहू सोडायचा सल्ला वरवर निरुपद्रवी वाटतो, पण तोच घातक आहे. सिलियाकची रक्ततपासणी आणि आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी माणूस गहू खात असतानाच खरं सांगते. आधीच गहू सोडला तर रिपोर्ट चांगला येऊ शकतो आणि आजार लपून राहतो. लेकराचं वजन वाढत नसेल, पोट फुगत असेल, तर आधी तपासणी, मग पथ्य.

ज्वारी आणि शुगर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत कर्बोदकं 67-68 ग्रॅम आहेत, गव्हाच्या पिठात 64 च्या आसपास. आणि कर्बोदकांची पोटात साखरच होते. सासरे हा मेसेज वाचून दोनाच्या चार भाकरी खायला लागले होते. गोळी बंद केली नाही, एवढंच नशीब.

पूर्वजांबद्दल काय बोलू? बहात्तरच्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो (बाहेरदेशातून आलेली हलकी ज्वारी) खाऊन दिवस काढले ते हेच पूर्वज.

एक गोष्ट मात्र जिवावर येऊन का होईना, मान्य करते. ज्वारीत ग्लुटेन नाही, हे मेसेजमधलं वाक्य खरं आहे. लेकीमुळे सगळं घर पुन्हा भाकरीवर आलं. बिस्किटं, टोस्ट, मैद्याच्या शेवया आपोआप सुटल्या. अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, हुलग्याचं माडगं ताटात आलं. नवऱ्याचं पित्त कमी झालंय. पण त्याचं श्रेय मी त्या मेसेजला देणार नाही.

पुढच्या येळवसेला खीर राळ्याची करायची, राळा मी निवडून आणीन. भज्जीचं बेसनही आमच्याच गिरणीतलं. काकूंनी उंडे तेवढे करावेत, ज्वारीचं पीठ मी पाठवते.