धुराड्याची गोष्ट अर्धी सांगू नका

आज पुन्हा तो फॉरवर्ड आला. चूल, सरळ धुराडं, शेजारी सरपणाचा ढीग आणि खाली 'वेळीच सावध व्हा, प्राचीन चिनी म्हण'. एका ग्रुपवर तर गॅस सिलिंडरच्या सूचनांसोबत फिरतोय. राग येतो. ही गोष्ट एका सम्राटाकडे केलेल्या अर्जातली आहे, आणि अर्जाचा मुद्दाच कापून टाकलाय.

म्हण अशी: 'छ्यू तू शी शिन'. धुराडं वाकवा, सरपण हलवा. बान गूच्या 'हान शू' या इतिहासग्रंथाच्या 68व्या प्रकरणात, हुओ ग्वांगच्या चरित्रात ती येते. इ.स.पू. 87 मध्ये सम्राट वू गेला, तेव्हापासून जवळजवळ वीस वर्षं हान साम्राज्याची सूत्रं या हुओच्या हाती होती. 74 मध्ये एका सम्राटाला 27 दिवसांत उतरवून त्यानं सम्राट श्वानला गादीवर बसवलं. 71 मध्ये हुओच्या बायकोनं श्वानच्या राणीला बाळंतपणानंतर विष द्यायला लावलं आणि पुढच्याच वर्षी आपली मुलगी राणी केली. या घराण्याचा माज कुठे जाणार हे माओलिंगच्या शू फूला दिसत होतं. त्यानं तीनदा अर्ज केला: महाराज, यांच्यावर माया असेल तर वेळीच लगाम घाला, म्हणजे नाश होणार नाही. तिन्ही वेळा उत्तर काय? 'वाचले.' बस. सरकारी शेरा दोन हजार वर्षांपूर्वीही तोच!

68 मध्ये हुओ ग्वांग वारला. 66 मध्ये त्याच्या मुलाचा आणि भावाच्या नातवांचा कट फुटला. मुलाला कमरेतून तोडलं, आणि त्यांच्याशी संबंध जोडला गेला म्हणून हजारो कुटुंबं संपवली गेली. कटाची खबर देणाऱ्या आणि तो हाणून पाडणाऱ्या पाच जणांना सरदारक्या मिळाल्या. शू फूला काहीच नाही.

तेव्हा कुणीतरी त्याच्या वतीनं सम्राटाला ही गोष्ट लिहून पाठवली. पाहुणा सांगतो: धुराडं वाकवून घ्या, सरपण लांब हलवा, नाहीतर आग लागेल. सल्ला चोख आहे. सरळ धुराड्याला ओढ जास्त, ठिणगी न विझता थेट छपरावर पडते. वळण दिलं की ती तिथे आपटते, वेग मोडतो, बरीचशी आत विझते. वळणावर काजळी साचते, ती खरवडावी लागते, पण तेवढंच. आणि चुलीलगतचं सरपण तर उबेनं वाळून ठणठणीत झालेलं, एक निखारा पुरे. यजमान गप्प. आग लागते, शेजारी धावतात, विझवतात. मग बैल कापून, दारू मांडून पंगत! भाजलेले लोक मानाच्या जागी, बाकीचे कामगिरीप्रमाणे. धुराड्याचं सांगणाऱ्याला बोलावणंच नाही.

फॉरवर्डमध्ये ही पंगत नसते. आणि खरी गोष्ट पंगतीचीच आहे.

मान्य, धुराडं वाकवलं असतं तर आग लागलीच नसती आणि पाहुणा खरा होता हे कुणालाच कळलं नसतं. हेही मान्य, की पहारे आणि फौजा हुओंच्या हातात असताना श्वानला उघडपणे लगाम घालणं सोपं नव्हतं. हुओ ग्वांग रथात शेजारी बसला की श्वानला पाठीत काटे टोचल्यासारखं व्हायचं, असं 'हान शू'च सांगतो. तान्हेपणी तुरुंगात राहिलेला, बाहेर साध्या लोकांत वाढलेला हा माणूस. त्याच्यावर रागावताना जीव जड होतो.

गोष्टीतला यजमान शेवटी पाहुण्याला बोलावतो. श्वाननंही शू फूला रेशमाचे दहा तागे दिले (तेव्हाचा तागा साधारण नऊ मीटरचा, म्हणजे नव्वदेक मीटर कापड), आणि पुढे दरबारात धाकट्या अधिकाऱ्याची जागा. पण अर्जातली मागणी वेगळी होती. सरपण हलवायला सांगणाऱ्याला भाजलेल्यांच्याही वर बसवा, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. पाच सरदार सरदारच राहिले. शू फूला तागे मिळाले, ती जागा नाही.